आठ खडे

मीटरची तार पहिल्याच हिवाळ्यात तुटली.
मग किती किलोमीटर झाले असं कुणी विचारलं
की मी म्हणायचो, घोड्याला विचारता का कधी?

अकरा मेंढ्या विकून घेतलेली गाडी. निळी.
तेल म्हणजे काय, तेल!
दगवादोर्जच्या जीपमधून उरलेलं, काळ्या डब्यातलं,
जाड, वीस-पन्नास.
जाड तेलात ताकद असते, तो म्हणायचा.
चाळीस वर्षं गाडी हाकणाऱ्याशी वाद कोण घालणार?

सोलोंगोनं घातला.
वसतिगृहातून सुट्टीला आली होती, चौदा वर्षांची.
चुलीपाशी बसून डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचत म्हणाली,
हे मोटरसायकलचं नाहीच, बाबा.
आपला क्लच तेलातच बुडालेला असतो. या तेलानं तो घसरतो.
खिंडीच्या चढावर इंजिन बोंबलतं आणि चाक जागचं हलत नाही,
ते कशामुळे?
मी म्हटलं, चढामुळे.

मग तिनं दोन वाट्या घेतल्या.
एकीत माझं तेल,
दुसरीत तालुक्याच्या दुकानातून तिनं आणलेलं पाच-चाळीस,
आणि रात्री दोन्ही गेरबाहेर, उघड्यावर.
पहाटे उणे चौतीस.
तिची वाटी कलती केली: तेल आळस देत उठलं, काठाशी आलं.
माझी उपडी केली.
काही पडलं नाही.
मेंढीच्या शेपटातली चरबी थिजावी तसं बसून राहिलं,
आणि रोज सकाळी मी मारलेल्या किका
एकेक करून माझ्या गुडघ्यात परत आल्या.

दुपारी, ऊन असताना, तिनं पाना मागितला. सतराचा.
आधी गाडी चालू ठेवा. गार तेल घाण धरून बसतं.
बोल्ट शेवटी हातानं सोडवा, बोट जपून.
खाली तिच्या आईची कणीक मळायची परात
(ते प्रकरण अजून मिटलेलं नाही).
आधी धार, मग दोरा, मग थेंब.
तिनं बोटावर घेऊन उन्हात धरलं.
चकाकलं.
चांदी? मी विचारलं.
गिअर, ती म्हणाली. तुमचं इंजिन स्वतःलाच खातंय.

कधी बदललं होतं शेवटचं?
मी दाढी खाजवली.
मला भेटायला किती शनिवार आलात?
सात-आठ, मी म्हटलं.
सव्वीस, ती म्हणाली,
मी मोजलेत. खिडकीतून दिसता तुम्ही, आवाज तर आधीच येतो.
जाऊन-येऊन एकशे अठ्ठेचाळीस.
तिनं परातीच्या काठावर काजळ्या बोटानं गुणाकार केला:
तीन हजार आठशे अठ्ठेचाळीस.
बदलायचं होतं बाराशेला.
हरवलेल्या घोड्यांमागे हिंडलात ते वेगळंच.

तांब्याचा नवा वॉशर. बेताचा पीळ.
एक लिटर, जरासं कमी.
मग काडी पुसून नुसती टेकवायची, फिरवायची नाही,
आणि दोन रेघांच्या मध्ये तेल आलं का ते बघायचं.
डोळ्यांत तेल घालून, मी म्हटलं.
ती हसली नाही. तिचं लक्ष काडीवर होतं.
जुनं तेल जमिनीवर सांडू दिलं नाही तिनं,
डब्यात भरून झाकण लावलं.
रिकामी बाटली माझ्या हातात दिली:
दर शनिवारी एक खडा. आठ झाले की तेल.

त्या बाटलीनं चार वर्षं हिशेब ठेवला.
आठ भरले की ओतायचे, पुन्हा पहिला.
एकदा शनिवार नसताना गेलो, बुधवारी,
तिला ताप होता म्हणून.
तोही टाकला.

यंदा ती उलानबातरला गेली. तिकडे बस जाते.
बाटलीत पाच खडे आहेत.
जूनपासून पाचच.

काल फोन लागला, टेकडीवर चढून.
आठ झाले नाहीत, मी सांगितलं, तेल नवंच आहे.
म्हणाली, नुसतं उभं राहूनही तेल म्हातारं होतं, बाबा.
वर्ष झालं की बदलायचंच.

आज ऊन आहे.
गाडी पहिल्या किकला लागली.
कोमट होईतो मी जवळ बसून आहे,
पाना मांडीवर,
आणि परात शोधून झाली,
ती तिच्या आईनं यावेळी लपवून ठेवलीय.